अण्णांचा फोन आणि माझा लिनक्स

(मंडळाच्या मासिक बैठकीत दिलेल्या भाषणाचा हा मजकूर. अंकासाठी थोडी काटछाट केली आहे; बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)

आपल्या कार्यवाहांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तुम्ही कॉम्प्युटरमधले ना? सगळ्यांच्या उपयोगाचं काहीतरी बोला." मी म्हटलं, "मोबाइल फोन लिनक्सच्या कॉम्प्युटरला कसा जोडायचा आणि त्यातल्या फाइली कशा काढून घ्यायच्या, यावर बोलतो." पलीकडे जरा शांतता पसरली. मग प्रश्न आला, "जेवणाच्या आधी ठेवू का नंतर?" आधी ठेवलंत हे फार बरं केलंत. श्रीखंडानंतर माझा काय टिकाव लागणार होता!

इथं लिनक्स वापरणारे किती? हात वर करा. तीन. आणि अँड्रॉइडचा फोन वापरणारे? बघा, निम्म्याहून जास्त. म्हणजे तुम्ही सगळे लिनक्स वापरता, फक्त तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही. अँड्रॉइडच्या पोटातला गाभा लिनक्सचाच आहे, १९९१ साली लिनस टोरवाल्ड्सनं फिनलंडमध्ये विद्यार्थी असताना सुरू केलेला. आता गंमत अशी की फोनमध्येही लिनक्स, लॅपटॉपमध्येही लिनक्स, आणि दोघांना केबलनं जोडलं की एकमेकांना ओळख दाखवत नाहीत. एकाच घरातले दोन भाऊ, पण बोलायला मध्यस्थ लागतो. या मध्यस्थाबद्दल पुढे बोलायचंय.

मी स्वतः लिनक्सकडे हौसेनं गेलो नाही. माझा लॅपटॉप २०१५ सालचा. १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १०चा नेहमीचा पाठिंबा थांबवला, आणि विंडोज ११ला माझा लॅपटॉप चालणार नव्हता. चांगला चालता लॅपटॉप कचऱ्यात टाकायचा मला धीर झाला नाही. एस.टी.तल्या माणसाचा मुलगा मी, आमच्या घरात स्टोव्हची पिनसुद्धा सरळ करून पुन्हा वापरायचे. म्हणून त्यावर लिनक्स मिंट टाकलं. फुकट आहे, आणि दिसायला जुन्या विंडोजसारखं असल्यामुळे घरात बंड झालं नाही.

हे झालं आणि दोन महिन्यांनी, डिसेंबरात, आई कराडहून इकडे आली. बॅगेतून मेतकूट निघालं, कंदी पेढे निघाले, आणि सगळ्यात खाली एका मोठ्या रुमालात बांधलेला अण्णांचा फोन निघाला.

अण्णा, म्हणजे माझे वडील, जानेवारी २०२३मध्ये गेले. एस.टी.त कंडक्टर होते. कराड–चिपळूण गाडीवर त्यांची बरीच वर्षं गेली. २०१९च्या दिवाळीत मी त्यांना हा फोन घेऊन दिला होता. आता तुम्हाला आठवत असेल, त्या वर्षांत आपल्याला इथून व्हॉट्सअ‍ॅपवरून कॉल लावता यायचा नाही. व्हॉइस नोट मात्र बिनबोभाट जायची. त्यामुळे आमच्याकडे एक पद्धतच पडली. कराडला रात्रीचे नऊ वाजले, म्हणजे आपल्याकडे साडेसात, की अण्णा नातीसाठी एक गोष्ट बोलून पाठवायचे. सगळ्या गोष्टी एस.टी.तल्या. कुंभार्ली घाटात बंद पडलेली गाडी, पाटणच्या स्टँडवर हरवलेली आणि पोफळीला सापडलेली शेळी, अर्ध्या तिकिटावरून भांडणारी आजीबाई. माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची. ती ते ऐकत जेवायची.

आणि मी काय केलं? २०२२ साली आयफोन घेतला. जुन्या फोनवरचं व्हॉट्सअ‍ॅप नव्यावर आणायचं राहिलं. 'नंतर करू' म्हणून जुना फोन कुणाला तरी देऊन टाकला. पुसून दिला, अगदी जबाबदार नागरिकासारखा. म्हणजे त्या गोष्टी जगात आता एकाच ठिकाणी होत्या, आईच्या रुमालात. आई म्हणाली, "ह्यात त्यांचं बोलणं असंल तर काढून दे बाबा. मला त्यातलं काय कळत नाही."

फोनची अवस्था अशी: तीन वर्षं बंद, बॅटरी शून्यावर, आणि काच खालच्या बाजूला तडकलेली. चार्जरला लावून तासाभरानं चालू झाला. चित्र दिसत होतं, पण काचेच्या खालच्या निम्म्या भागाला बोटाचा स्पर्शच कळत नव्हता. पिन नंबरच्या पाटीवरचे वरचे आकडे लागायचे, खालचे नाही.

आधी नंबरच माहीत नव्हता. आणि हे लक्षात ठेवा, आजकालच्या फोनमधली साठवण कुलूपबंद सांकेतिक रूपात असते. पिन नसेल तर लिनक्स असो, विंडोज असो, दुकानदार असो, कुणालाही आतलं वाचता येत नाही. चुकीचा नंबर पुन्हा पुन्हा टाकला की फोन थांबायला लावतो, आणि ते थांबणं वाढत जातं. मी अण्णांची जन्मतारीख टाकली, लग्नाची तारीख टाकली. तिसऱ्यांदा काही टाकण्याआधी आईला विचारलं. ती म्हणाली, "बिल्ल्याचा नंबर असणार. दुसरं काय होतं त्यांना?" कंडक्टरचा बिल्ला. तीस वर्षं खाकी सदऱ्यावरचा तो बिल्ला आईनं ब्रासोनं घासलेला, तिला नंबर तोंडपाठ. तोच होता.

पण त्यातले दोन आकडे खालच्या, मेलेल्या भागात. बुर दुबईतल्या एका दुरुस्तीच्या दुकानात गेलो, तर तो म्हणाला, स्क्रीन बदलून देतो, आतल्या डेटाची हमी नाही. मी फोन खिशात घातला आणि घरी आलो.

उपाय फार साधा निघाला, आणि आजच्या भाषणातलं एवढं एक जरी लक्षात राहिलं तरी माझं काम झालं. फोनला माऊस लावता येतो. होय, आपला टेबलावरचा उंदीर. ओटीजी नावाचं बोटभर लांबीचं अ‍ॅडाप्टर मिळतं, एका बाजूला फोनमध्ये जाणारं टोक, दुसऱ्या बाजूला नेहमीचं यूएसबीचं भोक. त्यात माऊस खोचला की बहुतेक अँड्रॉइड फोनांवर पडद्यावर बाण येतो. बाणाला तडकलेल्या काचेचं काही देणंघेणं नसतं. मी बाणानं नंबर दाबला, फोन उघडला. मागच्या चित्रात माझी मुलगी, पुढचे दोन दात पडलेली.

आता दुसरी अडचण. फोनला भोक एकच. त्यात माऊस असेल तर कॉम्प्युटरची केबल कुठं लावणार? आणि केबल लावली की फोन विचारतो, 'चार्जिंग करू का फाइली देऊ?' त्या प्रश्नावर बोट ठेवायला पुन्हा काच हवी. तर माऊस असतानाच तीन गोष्टी करून ठेवल्या. पडदा मिटण्याची वेळ सेटिंगमध्ये वाढवून जास्तीत जास्त केली. 'फोनविषयी' या भागात बिल्ड नंबर असतो, त्यावर सात वेळा टिचकी मारली. सात वेळा का, ते गूगलवाल्यांनाच माहीत, सप्तपदी असावी. तसं केलं की डेव्हलपर ऑप्शन्स हा दडवलेला विभाग उघडतो. त्यात 'चार्जिंग चालू असताना जागा राहा' हे चालू केलं, आणि 'यूएसबीची नेहमीची जोडणी' म्हणून फाइल ट्रान्सफर निवडून ठेवलं. मग माऊस काढला आणि फोन जागा असतानाच केबल लावली. आता फोनला काही विचारायचं उरलं नव्हतं.

तरी लॅपटॉपवर काहीच दिसलं नाही.

इथं मी अर्धा तास घालवला. लिनक्सला शिव्या दिल्या, मुलांसमोर देऊ नयेत अशा. चूक केबलची होती. यूएसबीच्या साध्या केबलमध्ये चार तारा असतात, दोन विजेच्या आणि दोन माहितीच्या. पंख्याबरोबर, दिव्याबरोबर, स्वस्त पॉवर बँकबरोबर येणाऱ्या कित्येक केबलींत माहितीच्या तारा घातलेल्याच नसतात. फोन मजेत चार्ज होतो आणि कॉम्प्युटरला त्याचा पत्ताही नसतो. बाहेरून दोन्ही केबली सारख्याच. म्हणून फोन लागत नसेल तर आधी केबल बदला, मग कॉम्प्युटर, आणि शेवटी धर्म. टाइप-सी टोक आहे म्हणजे केबल वेगवान आहे, असंही समजू नका. त्या टोकाच्या बऱ्याच केबली आणि बरेच फोन आतून जुन्या यूएसबी २च्याच वेगाचे आहेत.

केबल बदलली. लॅपटॉपच्या डाव्या बाजूला अण्णांच्या फोनचं नाव उमटलं. उघडलं, तर आत रिकामं. फोन मधल्या गडबडीत झोपला होता. कुलूप लागलेला फोन लिनक्सला फक्त स्वतःचं नाव सांगतो, आतलं काही दाखवत नाही. हे चांगलंच आहे म्हणा, चोराला तरी सोपं कशाला करायचं. पुन्हा माऊस, पुन्हा बिल्ल्याचा नंबर, पुन्हा केबल.

आता त्या मध्यस्थाबद्दल. तुमच्यापैकी ज्यांनी २०१०च्या आसपासचे अँड्रॉइड फोन वापरले आहेत त्यांना आठवेल, तेव्हा फोन जोडला की तो पेन ड्राइव्हसारखा दिसायचा. तो सोपेपणा कुठं गेला? तेव्हा फोन आपलं कार्ड सरळ कॉम्प्युटरच्या हवाली करायचा. कपाटाची किल्लीच देऊन टाकायची. पण एका कपाटात दोघांनी एकाच वेळी हात घालून आवराआवर केली तर काय होतं ते प्रत्येक घरात माहीत आहे. म्हणून कॉम्प्युटरकडे किल्ली असेपर्यंत फोनला स्वतःच्याच फाइली दिसायच्या नाहीत. त्या कार्डावरची अ‍ॅपं बंद, गाणी बंद. शिवाय ते कार्ड कॉम्प्युटरला वाचता येईल अशाच जुन्या पद्धतीनं मांडावं लागायचं. २०११च्या सुमाराला अँड्रॉइडनं ही पद्धत सोडायला सुरुवात केली आणि एमटीपी घेतली, मीडिया ट्रान्सफर प्रोटोकॉल.

एमटीपी म्हणजे ग्रंथालयातली खिडकी. कपाटाशी तुम्हाला जाता येत नाही. खिडकीशी उभं राहून चिठ्ठी द्यायची, आतला माणूस पुस्तक आणून देतो. एका वेळी एक. ही पद्धत मुळात मायक्रोसॉफ्टनं गाणी वाजवायच्या यंत्रांसाठी काढली, आणि तीही डिजिटल कॅमेऱ्यांसाठी असलेल्या पीटीपी नावाच्या जुन्या पद्धतीवर बेतून. म्हणजे कॅमेऱ्याचा सदरा गाण्याच्या डबीला शिवला, आणि तो उसवून आपल्या फोनला घातला. कुठंतरी आखूड पडणारच.

कुठं पडतो तेही सांगतो. खिडकीतल्या माणसाकडे एक नोंदवही असते. नवीन फाइल नोंदवहीत चढली नसेल तर ती फोनवर असूनही कॉम्प्युटरला दिसत नाही. फोन बंद करून पुन्हा चालू केला की बहुधा दिसते. एका फोल्डरमध्ये चार-पाच हजार फोटो असतील तर नुसती यादी वाचायलाच तो इतका वेळ लावतो की आपल्याला वाटतं सगळं अडकलं. अडकलेलं नसतं. त्या वेळी केबल ओढू नका, चहा करा. फाइल तिथल्या तिथं उघडून दुरुस्त करायची नाही. आधी इकडे आणायची, मग काय ते करायचं. आणि आणलेल्या फाइलीवर पुष्कळदा आजचीच तारीख पडते. कॅमेऱ्यानं काढलेल्या फोटोच्या पोटात खरी तारीख वेगळी लिहिलेली असते, त्यामुळे तिथं नुकसान नाही. इतर फाइलींचं मात्र होतं.

लिनक्सच्या बाजूनं या खिडकीशी बोलायचं काम लिबएमटीपी नावाची एक छोटी प्रणाली करते. तिची वर्षानुवर्षं देखभाल करणाऱ्या स्वीडिश गृहस्थांचं नावही लिनसच आहे, लिनस वॅलेई. मिंट, उबुंटू वगैरेंमध्ये ती आधीपासून असते, वेगळं काही बसवायला लागत नाही. केबल लावा, फोनवर फाइल ट्रान्सफर निवडा, डावीकडे नाव येईल, उघडा, ओढून आणा. झालं. दहापैकी आठ वेळा इतकंच. उरलेल्या दोन वेळा 'उपकरण दुसऱ्या कामात आहे' असा निरोप येतो. त्याचा अर्थ असा की फोटोंचा एखादा प्रोग्रॅम आणि फाइलींचा प्रोग्रॅम, दोघं एकाच वेळी खिडकीशी उभे आहेत. एकाला बंद करा, केबल काढून पुन्हा लावा.

अण्णांच्या फोनवर मी गेलो ते सरळ व्हॉट्सअ‍ॅपच्या फोल्डरात. अ‍ॅप उघडलंच नाही, आणि तशी गरजही नव्हती. बऱ्याच लोकांना हे माहीत नसतं: अँड्रॉइडवर व्हॉट्सअ‍ॅपचे फोटो, व्हिडिओ आणि व्हॉइस नोटा साध्या फाइली म्हणून फोनमध्ये पडलेल्या असतात. जुन्या फोनांवर 'व्हॉट्सअ‍ॅप' नावाचा फोल्डर अगदी दर्शनी भागात असायचा. अँड्रॉइड ११ आल्यानंतरच्या फोनांवर तो आत गेलाय: आधी 'अँड्रॉइड', त्यात 'मीडिया', त्यात 'कॉम डॉट व्हॉट्सअ‍ॅप'. लिहिलेल्या गप्पांची वही मात्र सांकेतिक असते, ती अशी ओढून आणून वाचता येत नाही. म्हणजे आवाज मिळतो, अक्षर मिळत नाही. मला आवाजच हवा होता.

व्हॉइस नोटांच्या फोल्डरात आणखी लहान लहान फोल्डर, प्रत्येकाचं नाव म्हणजे वर्ष आणि त्या वर्षातला आठवडा. '२०२०', पुढं '१४', की कळायचं, २०२०चा चौदावा आठवडा. एप्रिलची सुरुवात, सगळं जग घरात बसलेलं. त्या फोल्डरात एकवीस नोटा होत्या. अण्णा त्या आठवड्यात दिवसाला तीन गोष्टी सांगत होते. फाइलीच्या नावातच तारीख असते, त्यामुळे वर जी तारखेची तक्रार केली ती इथं बाधली नाही. पाठवलेल्या आणि आलेल्या, दोन्ही नोटा एकत्रच सापडल्या. माझ्या मुलीचे 'आजोबा, मग शेळीनं तिकीट काढलं का?' हेही.

पहिल्यांदा मी सगळं एकदम ओढलं आणि ते मधेच तुटलं. म्हणून एकेक वर्ष घेतलं. आकार किरकोळ होता. व्हॉइस नोट ओपस नावाच्या खुल्या पद्धतीत साठवतात, मिनिटाला शंभर-दीडशे केबी. तीन वर्षांचं बोलणं हल्लीच्या एका लग्नाच्या व्हिडिओहून लहान भरलं. तरी तासभर लागला, कारण खिडकी एकच आणि चिठ्ठ्या हजारावर.

मग मोजदाद. हे तुम्हीही करा. फाइली 'आल्या' असं कॉम्प्युटर म्हणतो त्यावर विसंबू नका. फोनवर मोजा, लॅपटॉपवर मोजा. फोन म्हणाला, १,०४६. लॅपटॉप म्हणाला, १,०४७. एक कमी असती तर समजलो असतो, एक जास्त कुठून आली? अण्णा असते तर गाडी तिथंच उभी केली असती. तिकिटं आणि डोकी जुळल्याशिवाय त्यांनी कधी बेल मारली नाही. शोधलं, तर ती एक लपलेली रिकामी फाइल निघाली, 'नोमीडिया' नावाची. व्हॉट्सअ‍ॅप ती तिथं मुद्दाम ठेवतं, म्हणजे गाण्यांच्या अ‍ॅपमध्ये लताबाईंच्या मागोमाग तुमच्या सासूबाईंचा निरोप वाजू नये. फोनच्या यादीत ती दिसत नाही, लिनक्सनं प्रामाणिकपणे मोजली. बिनतिकिटी प्रवासी सापडला.

आता आयफोनवाल्यांसाठी थोडं, नाहीतर जेवताना मला घेरतील. आयफोनही लिनक्सला लागतो. त्यासाठी लिबआयमोबाइलडिव्हाइस नावाची स्वतंत्र प्रणाली आहे, तीही बहुतेक ठिकाणी आधीच बसवलेली असते. केबल लावली की फोन विचारतो, या कॉम्प्युटरवर विश्वास ठेवायचा का? होय म्हणून पासकोड द्यायचा. मग फोटो आणि व्हिडिओ दिसतात. व्हॉट्सअ‍ॅपचा फोल्डर असा उघडा दिसत नाही, तिथं अ‍ॅपमधूनच एकेक बाहेर काढावं लागतं. दोन खाचखळगे आहेत. २०१७पासून आयफोन फोटो हाइक नावाच्या पद्धतीत साठवतो. लिनक्सवर ते उघडले नाहीत तर फोटो खराब झालेत असं समजू नका, ती पद्धत वाचायची जोडणी बसवा. आणि फोनमध्ये जागा वाचवायची सोय चालू असेल तर मूळ फोटो अ‍ॅपलच्या क्लाउडमध्ये असतात, फोनमध्ये सगळे नसतातच. मग केबलनं तरी काय येणार!

केबलच नको म्हणणाऱ्यांसाठी वायफाय. केडीई कनेक्ट म्हणून एक प्रोग्रॅम आहे, २०१३ साली गूगलच्या विद्यार्थ्यांसाठीच्या उन्हाळी योजनेत सुरू झालेला. फोनवर एक, लॅपटॉपवर एक बसवायचा, दोघांची जोडी जमवायची, की फाइली इकडून तिकडे जातात. लोकलसेंड नावाचा दुसरा एक आहे, तो आयफोन, अँड्रॉइड, विंडोज, लिनक्स सगळ्यांवर चालतो. माझ्या मते घरात चार तऱ्हेची यंत्रं असतील तर हाच बरा. मिंटमध्ये वॉर्पिनेटर नावाचाही एक आयताच मिळतो. अट एकच, दोन्ही यंत्रं एकाच वायफायवर हवीत, आणि त्या वायफायनं त्यांना एकमेकांशी बोलू दिलं पाहिजे. हॉटेलातलं किंवा इमारतीतलं पाहुण्यांसाठीचं वायफाय पुष्कळदा मुद्दाम बोलू देत नाही. घरी असूनही जमत नसेल तर लॅपटॉपची फायरवॉल बघा. केडीई कनेक्टला १७१४ ते १७६४ ही दारं उघडी लागतात. ब्लूटूथबद्दल विचाराल तर एखाद-दुसऱ्या फोटोला ठीक. लग्नाचा अल्बम त्यानं पाठवायला बसलात तर त्या जोडप्याला मुलं होतील.

आणखी एक, पोटतिडकीनं सांगतो. गावाकडून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो म्हणजे मूळ फोटो नव्हे. तो दाबून लहान केलेला असतो, आणि कधी, कुठं काढला याची आतली नोंदही पुसली जाते. सुट्टीत घरी जाल तेव्हा आई-वडिलांच्या फोनला एकदा केबल लावा आणि कॅमेऱ्याचा मूळ फोल्डर उचलून आणा, 'डीसीआयएम' नावाचा. पिन नंबर विचारून घ्या. विचारायला अवघड वाटतं, मला कळतं. मी विचारला नव्हता.

तर त्या रात्री सगळं लॅपटॉपवर आलं. तीन प्रती केल्या: एक लॅपटॉपवर, एक बाहेरच्या डिस्कवर, एक पेन ड्राइव्हवर, जो आई परत जाताना माझ्या बहिणीसाठी घेऊन गेली. बहिणीकडे विंडोज आहे, म्हणून तो पेन ड्राइव्ह लिनक्सच्या स्वतःच्या पद्धतीनं न मांडता एक्सफॅट पद्धतीनं मांडला. दोन्हीकडे वाचता येतो. आपण इथं भाड्याच्या घरात राहणारी माणसं, आज ना उद्या सामान आवरून निघणारी. एकच प्रत आणि तीही एकाच कपाटात, हा हिशेब मला आता पटत नाही.

मग पहिली नोट लावली. २०१९च्या नोव्हेंबरातली. आधी खाकरणं, मग "हॅलो... हॅलो... हे चालू झालं का गं?" आणि मागून आईचा आवाज, "मला काय इचारताय, लाल दिसतंय का बघा." आई कॉटवर बसली होती, ती एकदम हसली. मुलगी आता तेरा वर्षांची, कानात ते पांढरं काहीतरी घालून आपल्या खोलीत होती. दार उघडून बाहेर आली आणि उंबऱ्यातच उभी राहिली. अण्णा सांगत होते, मल्हारपेठ गेलं, पाटण गेलं, कोयनानगर आलं, बाहेर ही मुसळधार, घाटात पुढचं काही दिसेना. गोष्ट संपली की ते तोंडानंच दोन वेळा बेल मारायचे, 'टिण टिण', म्हणजे आता झोपायचं. मी ते साफ विसरलो होतो. मुलीनं मात्र त्यांच्याबरोबरच म्हटलं.

आई म्हणाली, "आता दुसरं लाव. आणि आवाज जरा कमी कर, शेजारी झोपलेत लोक."

मी तिकडे टेबलावर लॅपटॉप मांडून ठेवलाय, ओटीजीचं अ‍ॅडाप्टर आणि एक माऊसही आहे. तीन केबली ठेवल्यात, त्यातली एक नुसती चार्जिंगची आहे. कुठली ते मी सांगणार नाही, तुम्हीच शोधा. ज्यांना आपला फोन जोडून बघायचाय त्यांनी जेवणानंतर यावं. येताना हात धुऊन या, श्रीखंडाची बोटं माऊसला लावू नका.